तंजावरचा कीरैमळा : लहान शेतकरी व पालेभाजीचे उत्पादन

तंजावर हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. व्यंकोजी भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तेथे स्थापन केलेले राज्य, सरफोजी राजांनी वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह, आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा दीर्घ मराठी शिलालेख यांची माहिती आपणांस इतिहासाच्या पुस्तकांतून मिळते. भूगोलाच्या पुस्तकांतून तंजावर भेटते ते तामिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या दोहोंपेक्षा साधा आहे. भातखाचरांच्या अधूनमधून, गावाच्या कडेला किंवा नदीच्या काठाने, दहावीस गुंठ्यांचे हिरवे तुकडे दिसतात. त्यांत पालेभाजी असते. ती पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या पदरात किती भाजी पडते, आणि ती तेवढीच का पडते, हे आपणांस पाहावयाचे आहे.

तमिळ भाषेत खाण्याजोग्या सर्व पाल्याला ‘कीरै’ असा एकच शब्द आहे. आपला ‘भाजी’ हा शब्द मळ्यातल्या कच्च्या पाल्यालाही लागतो व ताटातल्या शिजलेल्या पदार्थालाही; तमिळमध्ये हा घोटाळा होत नाही. मुळैक्कीरै, अरैक्कीरै, सिरुकीरै, तण्डुक्कीरै ही नावे वेगवेगळी असली तरी या सर्व भाज्या आपल्या माठ, तांदुळजा व राजगिरा यांच्याच कुळातील आहेत. यांखेरीज अंबाडी, मेथी, शेवग्याचा पाला व हादग्याचा पाला हेही तेथे नित्याचे आहेत. हादग्याची गोष्ट थोडी निराळी आहे. कावेरीकाठच्या पानमळ्यांत नागवेलीला चढावयास आधार म्हणून हादगा लावतात. त्यामुळे त्याची भाजी हे पानमळ्याचे आयते उपउत्पन्न होते. या लेखात आपण मुख्यतः माठाच्या कुळाचा विचार करू, कारण लहान शेतकऱ्याचा संसार चालतो तो त्याच्यावर.

उत्पादन मोजावे कसे?

प्रश्न सोपा वाटतो, पण तो तसा नाही. भाताचे पीक एका हंगामात एकदा कापले जाते. तेव्हा एकरी किती पोती, हे माप तेथे पुरते. पालेभाजीला ते पुरत नाही.

तंजावरकडे जमिनीचे जुने माप ‘मा’ हे आहे. १४४ चौरस फुटांची एक ‘कुळि’, शंभर कुळींचा एक मा, व वीस मांची एक ‘वेलि’. म्हणजे एक मा १४,४०० चौरस फुटांचा, आपल्या हिशेबाने तेरा गुंठ्यांहून किंचित अधिक, सुमारे एक तृतीयांश एकर झाला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार तामिळनाडूतील सरासरी खातेदाराकडे ०·७५ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेपाच मा जमीन होती. सरासरीच्या खाली असणाऱ्यांची संख्या अर्थातच मोठी आहे.

आता समजा, दोन शेतकऱ्यांपाशी प्रत्येकी एक मा मळा आहे. पहिला दर पिकास १,६०० किलो माठ काढतो. पीक २५ दिवसांचे आहे, परंतु एक पीक उपटल्यावर पुढची पेरणी होईपर्यंत त्याचे १५ दिवस जातात. चाळीस दिवसांचे एक चक्र धरता वर्षाकाठी नऊ पिके होतात, आणि एकूण माठ १४,४०० किलो निघतो. दुसऱ्याचे पीक हलके आहे. त्यास दर पिकास १,२०० किलोच मिळतात. पण तो पाच दिवसांत पुन्हा पेरतो. तीस दिवसांच्या चक्राने त्याची बारा पिके होतात. एकूण पुन्हा १४,४०० किलोच! एका पिकाचे वजन पाहणारा निरीक्षक पहिल्यास कुशल ठरवील व दुसऱ्यास मागासलेला म्हणेल. वर्षाचा हिशेब पाहणाऱ्यास दोघे सारखे दिसतील. बियाणे व मजुरी मोजणारा पुन्हा पहिल्यास वर चढवील, कारण दुसऱ्याने बारा वेळा पेरणी केली आहे.

तिसरी एक दृष्टी आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातील बाईची दृष्टी बहुधा तीच असते. १,२०० किलो माठ एकाच सकाळी तयार झाला तर अर्ध्या किलोच्या २,४०० जुड्या होतील. त्या बांधणार कोण व विकत घेणार कोण? म्हणून अनुभवी मळेकरी एक मा जमिनीचे दहा वाफे पाडतो व दर तिसऱ्या दिवशी एकच वाफा पेरतो. तीस दिवसांनी पहिला वाफा पुन्हा पेरणीस मोकळा होतो. दर तीन दिवसांना एक वाफा, म्हणजे १२० किलो, रोजच्या वाट्यास ४० किलो किंवा ८० जुड्या. एवढे ओझे सायकलवर किंवा बसच्या टपावर जाते, आणि दुपारच्या आत विकले जाते. तेव्हा पालेभाजीचे उत्पादन मोजताना ‘किती’ याच्या बरोबरीने ‘केव्हा’ हाही प्रश्न विचारावा लागतो. केवळ एकरी वजनावर काढलेले निष्कर्ष या पिकाच्या बाबतीत सावधपणे घ्यावेत असे आमचे मत आहे.

पान हेच पीक

धान्याच्या पिकात वनस्पती आधी पाने वाढविते, मग त्या पानांनी केलेले अन्न दाण्यांत साठविते, आणि आपण साठा उचलतो. पालेभाजीत आपण कारखानाच उचलून नेतो. या एका भेदातून पुष्कळ गोष्टी निघतात.

माठाच्या कुळास निसर्गाने एक विशेष देणगी दिली आहे. सूर्यप्रकाशात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडपासून साखर तयार करण्याची क्रिया सर्व हिरव्या वनस्पतींत चालते. पण पालक, मेथी किंवा भात यांच्या पानांत कडक उन्हाच्या वेळी तिच्यात गळती होते. पकडलेल्या कार्बनचा काही भाग पुन्हा हवेत निघून जातो. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांचा अभ्यास करून दाखविले, की काही वनस्पती आधी हा वायू चार कार्बन-अणूंच्या संयुगात बांधतात, तो पानाच्या आतील पेशींत दाटपणे साठवितात, व मगच त्याची साखर करतात. त्यामुळे गळती जवळजवळ थांबते. ऊस, ज्वारी, मका व बाजरी या प्रकारात मोडतात, आणि रुंद पानांच्या भाज्यांपैकी माठ व राजगिरा हेही मोडतात. तंजावरच्या एप्रिल-मे महिन्यांत मेथीचा वाफा मलूल होतो, तेव्हा शेजारचा माठ, पाणी मिळाल्यास, उलट जोमाने वाढतो, त्याचे कारण हे आहे. शिवाय तेवढेच वजन करण्यास त्याला पाणीही कमी लागते.

परंतु कारखाना उचलून नेण्याची किंमत मातीला मोजावी लागते. पानांत प्रथिने असतात. माठाच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ३ ते ४ ग्रॅम. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्राचा असतो. यावरून विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून पाहावा : एक टन पानांबरोबर जमिनीतून सुमारे पाच किलो नत्र निघून जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून हे पाच किलो भरून काढण्यास जवळजवळ ११ किलो युरिया हवा, आणि तोही वाया न जाता सर्वच्या सर्व पिकास मिळाला तर. प्रत्यक्षात युरियाचा मोठा भाग हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर झिरपून जातो. वर्षाला दहा-बारा पिके घेणाऱ्या मळ्यास शेणखत व पेंड यांची केवढी भूक असते हे यावरून ध्यानात येईल. ज्याच्या दारी दोन जनावरे आहेत व ज्याच्या दारी नाहीत, त्या दोघांच्या माठाचा रंगच निराळा असतो.

येथे अतिरेकाचाही धोका आहे. युरिया टाकला की तीन-चार दिवसांत पान गडद होते, आणि गिऱ्हाइकास गडद पान आवडते. म्हणून काही जण कापणीच्या तोंडावर युरिया देतात. मुळांनी शोषलेले नत्र आधी नायट्रेटच्या रूपात पानात येते आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे प्रथिन बनते. ढगाळ हवेत हे काम मंदावते, नायट्रेट पानात साठून राहते, पान कोवळे व पाणचट होते आणि अळीला अधिक भावते.

बियांविषयी थोडे सांगितले पाहिजे. माठाची बी इतकी बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे भरतात. ती वाळूत मिसळून पेरावी लागते, अन्यथा एका मुठीतच सर्व बी एका कोपऱ्यात पडते. पेरलेली बी मुंग्या उचलून नेतात, आणि जोराचा पाऊस ती वाहून नेतो. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषि विद्यापीठाने माठाच्या ‘को’ या आद्याक्षराच्या जाती दिल्या आहेत. त्यांपैकी ‘को-३’ ही वारंवार खुडण्यासाठी आहे. विसाव्या दिवसापासून खुडणी सुरू करून तीन महिन्यांत सुमारे दहा वेळा पाला घेता येतो. पेरणी एकदाच, म्हणून बी व मजुरी दोन्ही वाचतात. असे असूनही पुष्कळ मळ्यांत घरचीच किंवा शेजाऱ्याकडची बी दिसते. ते हट्टामुळे घडते असे मानण्याचे कारण नाही. बी धरावयाची तर वाफा तीन महिने अडकवून ठेवावा लागतो. तेवढ्यात त्याच जागेवर तीन पिके निघाली असती. ज्याच्यापाशी दहाच वाफे आहेत त्याला एक वाफा अडकविणे म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा सोडणे होय. विकत घ्यावी तर ती शुद्ध आहे की नाही हे कळावयास वीस दिवस जातात.

पाणी : कधी नाही, कधी फार

कावेरीचा त्रिभुज प्रदेश पाण्याच्या व्यवस्थेसाठी फार प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. करिकाल चोळ राजाने बांधला असे परंपरा मानते तो कल्लणै बंधारा, १८३६ मध्ये आर्थर कॉटन यांनी कोळ्ळिडम नदीच्या आरंभाशी घातलेला वरचा बंधारा, आणि १९३४ मध्ये पुरे झालेले मेट्टूरचे धरण, ही या व्यवस्थेची तीन मोठी अंगे होत. मेट्टूरचे दरवाजे रूढीप्रमाणे १२ जूनला उघडतात व २८ जानेवारीला बंद होतात. सर्व भातशेतीचे वेळापत्रक या दोन तारखांवर बसविलेले आहे. परंतु तारीख पाळली जाईलच असे नाही. २०२२ मध्ये पाणी २४ मे रोजीच सुटले, तर २०२४ मध्ये त्यास २८ जुलै उजाडला.

भाजीच्या मळ्यास या कालव्याचा थेट उपयोग थोडा. भातास आठवड्यातून एकदा भरपूर पाणी चालते. माठाच्या कोवळ्या रोपास दर दोन-तीन दिवसांनी थोडथोडे लागते. आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत, जेव्हा भाजीस भाव चांगला असतो, तेव्हा कालवा कोरडा असतो. म्हणून पालेभाजीची खरी जीवनदात्री उथळ नळविहीर होय. नदीने आणलेल्या वाळूच्या थरापर्यंत नळ उतरवून त्याच्या टोकास गाळणी बसवितात. लोक तिला ‘फिल्टर पॉइंट’ म्हणतात. तामिळनाडूत शेतीपंपांना वीज विनामूल्य मिळते, तेव्हा ज्याची नळविहीर त्याला पाण्याचा खर्च फारसा नाही. ज्याची नाही त्याने शेजाऱ्याकडून पाणी विकत घ्यावयाचे किंवा त्याच्या सवडीने थांबावयाचे. पंचवीस दिवसांच्या पिकात तीन दिवसांचा खोळंबा म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा.

मग येतो परतीचा, म्हणजे ईशान्येचा मोसमी पाऊस. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस सरतो. तंजावरास तेव्हा तो सुरू होतो. वर्षाच्या सुमारे हजार मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. सपाट चिकणमातीच्या प्रदेशात पाण्याला जावयास उतार नसतो. माठाची मुळे दोन दिवस पाण्याखाली राहिली की मातीतील हवा संपते, मुळे गुदमरतात व पाने पिवळी पडतात. पावसाच्या थेंबांनी उडालेला चिखल पानांच्या खालच्या बाजूस बसतो आणि त्याबरोबर पांढऱ्या तांबेऱ्याची बुरशीही पसरते. बाजारात या दिवसांत कीरै दुर्मिळ होते व जुडीचा भाव चढतो, पण लहान शेतकऱ्याच्या हाती तेव्हा विकावयास काही नसते.

आमच्या मते तंजावरातील पालेभाजीच्या उत्पादनात सर्वांत मोठा फरक करणारी गोष्ट खत किंवा जात नसून, या तीन महिन्यांत वाफ्यातून पाणी बाहेर काढण्याची सोय ही होय. यूस्टस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय केलेला ‘न्यूनतमाचा नियम’ येथे आठवावा. मूळ कल्पना स्प्रेंगेल याने १८२८ मध्येच मांडली होती. पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर ठरते. बाकीचे घटक कितीही वाढविले तरी ती पुढे जात नाही. ऑक्टोबरात तुटवडा असतो तो मुळांपाशी प्राणवायूचा. अशा वेळी पोतेभर खत ओतणे म्हणजे दार बंद असलेल्या घरात पाहुण्यांसाठी पाने मांडण्यासारखे आहे. वीतभर उंचीचा गादीवाफा व त्याच्या कडेने चर, एवढ्याने पुष्कळ साधते. मात्र चर काढून दिलेले पाणी पुढे शेजाऱ्याच्या भातात जाणार असल्याने तेथे संमतीचा प्रश्न येतो.

नदीने स्वतःच यावर एक तोड करून ठेवली आहे. पूर येतो तेव्हा जड वाळू व जाड गाळ काठालगतच बसतो आणि बारीक चिकणमाती दूरवर वाहत जाते. म्हणून काठाची जमीन उंच, सैल व निचऱ्याची असते, आणि आतली सखल व चिकट. काठाच्या या पट्ट्यास तमिळमध्ये ‘पडुगै’ म्हणतात. तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर असलेले तिरुवैयारु हे गाव त्यागराजांच्या समाधीमुळे संगीतप्रेमी लोकांस ठाऊक आहे. त्याच्या आसपासच्या पडुगैत केळी, नागवेल, फुले व भाज्या पिकतात. दोन शेतकऱ्यांच्या उत्पादनाची तुलना करताना एकाची जमीन पडुगैतली व दुसऱ्याची आतली आहे काय, हे आधी विचारावे. शिक्षण, वय, अनुभव यांचे गणित त्यानंतर मांडावे.

वादळाचाही उल्लेख केला पाहिजे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले, आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागांतील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नारळाचे नवे झाड फळावर यावयास पाच-सात वर्षे जातात. कीरैचा वाफा त्याच वादळात संपूर्ण बुडाला तरी पाणी ओसरल्यावर महिन्याभरात पुन्हा जुडी बाजारात जाऊ शकते. उत्पादकतेच्या कोष्टकांत हा गुण कोठेच दिसत नाही, पण ज्याच्या घरी साठविलेला पैसा नाही त्यास तो फार मोलाचा आहे.

लहान शेत अधिक पिकते काय?

१९५० नंतरच्या दशकात भारत सरकारने शेतीच्या जमाखर्चाच्या पाहण्या करविल्या. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली : शेत जसजसे लहान, तसतसे एकरी उत्पन्न अधिक. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याचे एक स्पष्टीकरण दिले. मोठा शेतकरी मजूर लावतो, तेव्हा मजुराने वाढविलेले उत्पन्न मजुरीहून कमी भरू लागले की तो थांबतो. लहान शेतकऱ्याच्या घरची माणसे आपल्या श्रमाला मजुरी लावीत नाहीत. बाहेर काम मिळत नसेल तर आणखी एक खुरपणी करण्यात त्यांचे काही जात नाही. म्हणून तो एकरी अधिक श्रम ओततो व अधिक पिकवितो. लहान शेतांची माती मुळातच चांगली असते काय, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली, आणि हा वाद अद्याप संपूर्ण मिटलेला नाही.

पालेभाजीइतके या विचाराचे स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. विरळणी, खुरपणी, उपटणी, मुळे धुणे, केळीच्या सोपाने जुड्या बांधणे ही सर्व हातांची कामे आहेत. यंत्राला येथे शिरकाव नाही. त्यांतील बहुतेक स्त्रिया करतात, आणि पहाटेच्या काळोखात करतात. एकरी उत्पादनाचा आकडा मोठा दिसतो तो या श्रमामुळे. तोच आकडा श्रमाच्या तासाने भागला तर तो लाजिरवाणा लहान होतो. तेव्हा ‘लहान शेत अधिक उत्पादक’ हे विधान ऐकले की कोणत्या भाजकाने भागले, असे विचारावे.

दुसरा प्रश्न जमिनीवरील हक्काचा. तंजावर हा मोठ्या मिरासदारांचा, देवस्थानांचा व मठांचा जिल्हा. १९५२ मध्ये कुळे व ‘पण्णैयाळ’ म्हणजे बांधील शेतमजूर यांच्या संरक्षणाचा खास तंजावरसाठी कायदा झाला. १९५५ मध्ये कूळसंरक्षणाचा व १९५६ मध्ये वाजवी खंडाचा कायदा सर्व राज्यासाठी आला. या कायद्यांनी पुष्कळांस आधार दिला. तथापि तोंडी कराराने घेतलेल्या जमिनी आजही आहेत, आणि त्या बहुधा एका वर्षाच्या बोलीवर असतात. शेणखताचा गुण मातीत दोन-तीन वर्षे टिकतो. गादीवाफे व चर यांचे श्रम पहिल्या वर्षी होतात व फळ पुढे मिळते. नळविहीर तर दुसऱ्याच्या जमिनीत कोणी पाडीतच नाही. ज्याला पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे माहीत नाही, तो युरियावर भागवितो, कारण युरियाचा गुण पंधरा दिवसांत हाती येतो. त्यास अडाणी म्हणणे सोपे आहे. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ पासून आहे, पण तोंडी कुळापाशी बँकेत दाखवावयास कागद नसतो. मग तो अडत्याकडून उचल घेतो व भाजी त्यालाच, त्याच्या भावाने, घालतो.

आणखी एक गोष्ट सहज सांगण्याजोगी. १९६०-६१ मध्ये सघन शेती जिल्हा कार्यक्रमासाठी देशातील जे पहिले सात जिल्हे निवडले, त्यांत तंजावर होता. सुधारित बी, खत, कर्ज व सल्ला हे सर्व एकत्र द्यावयाचे, अशी ती योजना होती. तिचा भर भातावर होता. अन्नटंचाईच्या त्या काळात ते योग्यच होते. पण सल्लागार यंत्रणेची नजर भाताकडे लागली ती लागलीच. त्यामुळे कीरै पिकविणाऱ्यास रोग-किडीचा सल्ला पुष्कळदा औषधाच्या दुकानातच मिळतो.

हा सल्ला साऱ्या गावाच्या पोटात जातो. पाने खाणारी व पाने जाळ्याने गुंडाळणारी अळी माठावर दोन दिवसांत चाळण करते. कीटकनाशक फवारल्यावर काही दिवस पीक तोडू नये असा नियम असतो. भोपळ्याच्या किंवा वांग्याच्या बाबतीत तो पाळता येतो. पंचवीस दिवसांच्या पिकात विसाव्या दिवशी अळी आली तर थांबावयास वेळच उरत नाही, आणि येथे फवारा ज्याच्यावर पडतो तेच पान आपण खातो. निंबोळीचा अर्क, पहाटे हाताने अळ्या वेचणे, व एकाच वाफ्यात सतत माठ न घेता मध्ये मेथी वा अंबाडी घेणे, हे उपाय कष्टाचे खरे, पण या पिकाच्या अल्प आयुष्यात बसणारे आहेत.

कापल्यानंतरचे सहा तास

उपटलेले पान मेलेले नसते. ते श्वसन करीत राहते व पाणी बाहेर टाकीत राहते, पण मुळांकडून पुरवठा बंद झालेला असतो. वजनाच्या पाच ते दहा टक्के पाणी गेले की पान मलूल दिसू लागते आणि गिऱ्हाईक हात मागे घेते. तंजावरच्या उन्हात उघड्या टोपलीत यास फार वेळ लागत नाही. म्हणून कापणी पहाटे करतात, जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळतात व वर पाणी शिंपडतात. गठ्ठा फार दाबून बांधला तर आतल्या पानांची श्वसनाची उष्णता कोंडते आणि मधला भाग पिवळा पडतो. शेतात पिकलेल्यापैकी जे विकले गेले नाही ते उत्पादनात धरावे काय? कृषिखाते धरील, शेतकरी धरीत नाही.

१९९९ च्या नोव्हेंबरात मदुराई येथे तामिळनाडू सरकारने पहिली ‘उळवर संदै’ म्हणजे शेतकऱ्यांची पेठ उघडली. पुढे तंजावरसह अनेक शहरांत तशा पेठा झाल्या. ओळखपत्र असलेला शेतकरी तेथे जागेचे भाडे न देता थेट विकतो. पालेभाजीस ही व्यवस्था विशेष मानवते, कारण अडत्याच्या साखळीत जाणारे तीन-चार तास वाचतात. परंतु ओळखपत्रास जमिनीचा कागद लागतो, आणि आपण पुन्हा तोंडी कुळापाशी येऊन पोहोचतो.

कीरै तोलून न विकता जुडीने विकतात, याचाही परिणाम मळ्यात दिसतो. जुडीचा भाव ठरलेला असला की ती मोठी दिसावी याकडे कल होतो. मग पीक दोन-चार दिवस अधिक उभे ठेवून देठ जाड होऊ देतात. वजन वाढते, पानांचे प्रमाण घटते. खाणाऱ्यास जीवनसत्त्वे व लोह मिळते ते मुख्यतः पानांतून, देठांतून नव्हे.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

वरील विवेचनातील काही भाग शाळेच्या आवारात तपासता येईल. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असे चार वाफे करावे. दोन सपाट ठेवावे व दोन वीतभर उंच करावे. सपाट वाफ्यांपैकी एकास व उंच वाफ्यांपैकी एकास प्रत्येकी दोन घमेली कुजलेले शेणखत घालावे, उरलेल्या दोहोंस घालू नये. प्रत्येक वाफ्यात माठाची चिमूटभर बी (सुमारे पाव ग्रॅम) मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पेरावी. चारही वाफ्यांस पाणी सारखेच द्यावे. हाच प्रयोग एकदा पावसाळ्यात व एकदा फेब्रुवारीत करावा, आणि खताने झालेली वाढ सपाट वाफ्यात किती व उंच वाफ्यात किती, हे दोन्ही वेळा लिहून ठेवावे.

पंचविसाव्या दिवशी रोपे उपटून प्रत्येक वाफ्याचे वजन घ्यावे. मग सारख्या वजनाच्या दोन जुड्या बांधून एक उघडी व एक ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी आणि दर दोन तासांनी तोलावी. गुंडाळलेली जुडी तोलताना फडके काढून वरचे पाणी झटकावे. वाफ्यांचे वजन घेण्यापूर्वी मुळे धुऊन पाणी निथळू द्यावे, नाहीतर मुळांना चिकटलेली मातीही उत्पादनात मोजली जाईल.